एक हेलपाटा फुकट

कॅसांड्रा मंदावला की आपण आधी नवे सर्व्हर मागतो. मीही मागितले होते. गटातल्या सर्वांत नवख्या मुलीने विचारले, "क्लायंट लायब्ररी कोणती आहे?" मला सांगता येईना!

आमची लायब्ररी पाळीपाळीने कुठल्याही नोडचे दार ठोठावायची; तो नोड विनंती पुढे खऱ्या धन्याकडे धाडायचा. एक हेलपाटा फुकट. 'टोकन-अवेअर' ड्रायव्हर पार्टिशन-कीवरून थेट योग्य नोड गाठतो. (सिलाडीबीचा ड्रायव्हर तर नेमक्या कोअरपर्यंत जातो.) मात्र क्वेरी 'प्रिपेअर' न करता मूल्ये मजकुरातच चिकटवली, तर ड्रायव्हरला ती पार्टिशन-की कळतच नाही. आमच्याकडे तेही होतेच.

दोन्ही सुधारल्यावर सर्व्हरची मागणी मी मागे घेतली. अहवालात श्रेय माझ्या नावावर गेले, आणि मी गप्प बसलो.