पडद्यावरील हृदय, मनगटावरील नाडी



जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मेणाच्या ट्रेमध्ये टाचलेला बेडूक अनेकांना आठवत असेल. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतील विच्छेदन बंद करण्याच्या सूचना दिल्या. बेडूक वाचला, हे उत्तम झाले. मात्र त्याची जागा घेणारा पडदा कसा वापरावा, हे भावी विज्ञानशिक्षकाला शिकवणे आता अगत्याचे ठरते.

हृदयाचे चार कप्पे आणि झडपांची उघडझाप चित्रफितीत जितकी स्पष्ट दिसते, तितकी फळ्यावरील आकृतीत दिसणे शक्य नाही. परंतु त्याच चित्रफितीत अशुद्ध रक्त निळे असते. तो रंग ही केवळ चित्रकाराची सोय. ऑक्सिजन कमी असलेले रक्तही लालच असते, फक्त अधिक गडद. हातावरच्या शिरा निळसर दिसत असल्याने मुलांचा गैरसमज पक्का होतो. तेथे चित्रफीत थांबवून प्रश्न विचारणारा शिक्षक घडवायचा आहे. त्याने पडदा उजळण्यापूर्वी मुलांना मनगटावर दोन बोटे ठेवून मिनिटभर नाडी मोजायला लावावी. ठोका कोठून येतो, हे कुतूहल जागे झाले की मग हृदय दाखवावे.

कांद्याच्या मुळाच्या टोकातील पेशीविभाजनाचेही तसेच. पडद्यावर अर्ध्या मिनिटात उरकणाऱ्या या क्रियेस प्रत्यक्षात काही तास लागतात. काचपट्टीवर प्रत्येक पेशी एकेका अवस्थेत थबकलेली असते. त्यांचा क्रम लावणे, हेच खरे विज्ञान. चित्रफीत तो आयता देते. म्हणून प्रशिक्षणार्थींनी सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेला मोबाइल लावून स्वतः छायाचित्रे घ्यावीत, गुणसूत्रांच्या मांडणीवरून त्यांचा क्रम लावावा आणि मगच चित्रफितीशी ताडून पाहावा.

बी.एड.चा अभ्यासक्रम आता दोन वर्षांचा आहे. त्यातील वीस आठवडे शाळांसाठी राखलेले असतात. या सरावाला तेथे पुरेसा अवसर आहे.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांपुढे आणखी एक अडचण असते: बहुतेक चांगल्या चित्रफिती इंग्रजीत आहेत. अशा वेळी आवाज बंद करून पेशी, केंद्रक, गुणसूत्र हे शब्द शिक्षकाने स्वतःच्या मुखाने उच्चारावेत. चित्र कोठूनही येवो, त्याचा अर्थ मुलाला त्याच्या भाषेतच उमगला पाहिजे. ते काम यंत्राचे नव्हे, शिक्षकाचे आहे.