सहलीच्या जहाजावरील पहिला शिष्टाचार

सहलीच्या मोठ्या जहाजावर कुटुंबानें कसें वागावें, हा विषय निघाला कीं बहुधा भोजनगृहांतील पोशाखाची किंवा तरणतलावाकांठच्या खुर्च्या अडविण्याची चर्चा होते. तीं पथ्यें योग्यच आहेत; परंतु पहिला शिष्टाचार निराळा आहे. भोंग्याचे सात आंखूड व एक लांब असे आवाज झाले, कीं प्रत्येकानें कोठें जमावयाचें, हें शिकविणाऱ्या कवायतीस सर्वांनीं हजर राहणें, हा तो शिष्टाचार होय.

१३ जानेवारी २०१२ रोजीं इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हें जहाज खडकावर आदळलें व ३२ माणसें प्राणांस मुकलीं. त्याच दिवशीं चढलेल्या सुमारें ७०० उतारूंची कवायत व्हावयाची होती. तेव्हांच्या नियमांत २४ तासांची सवलत होती. १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच घ्यावी, असा आंतरराष्ट्रीय नियम झाला.

म्हणून दांपत्यानें खोलींत सामान ठेवतांच मुलांसह जमण्याची जागा पाहून यावी. एकट्या पतीनें जाऊन ‘आमचीं सर्व माणसें आलीं’ असें सांगूं नये. मुलांच्या मापाचीं जीवरक्षक जाकिटें मागून घ्यावीं. मुलें क्रीडागृहांत असतां भोंगा वाजला, तर त्यांस कोण व कोठें आणणार, हें तेथील सेवकांस आधींच विचारावें. नाहीं तर आई एका मजल्यावर व वडील दुसऱ्यावर शोधीत फिरतील, आणि जिन्यांत इतरांची वाट अडेल. कवायतींत गप्पा मारणाऱ्यामुळें शेजाऱ्यास सूचना ऐकूं येत नाहींत. एवढें पथ्य पाळल्यावर सहलीचा आनंद निर्धास्तपणें घ्यावा.