डिझेल गाडीची पहाटेची कुरकुर

शहरांतील स्वयंपाकघरांत सकाळीं चिरला जाणारा टोमॅटो आदल्या दिवशीं बहुधा जुन्नरकडच्या किंवा नाशिककडच्या एखाद्या बाजाराच्या आवारांत असतो. तेथून नवी मुंबईंतील वाशीच्या बाजारापर्यंतचा त्याचा प्रवास पुष्कळदां होतो तो दीडएक टन माल वाहणाऱ्या एका लहान डिझेल गाडीनें. तिला सर्वत्र पिकअप म्हणतात. मार्गशीर्षाच्या थंडींत पहाटे तीन वाजतां ही गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली तर त्याचें कोणालाच नवल वाटत नाहीं. परंतु सेल्फ मारतांच ती नुसती घरघरली, पांढरा धूर ओकून गप्प बसली आणि चारदां फिरविल्यावर थरथरत, लंगडत कशीबशी चालू झाली, तर मालकाच्या पोटांत गोळा उठतो. कारण गॅरेजमध्यें त्याला काय ऐकावें लागणार हें त्याला ठाऊक असतें: "इंजेक्टर गेले. चारी बदलावे लागतील." ह्या चार नगांची किंमत लहान वाहतूकदाराच्या कित्येक खेपांची मिळकत गिळून टाकते. आणि दुःखाची गोष्ट ही कीं, एवढा खर्च करूनहि पुष्कळ वेळां दुसऱ्या दिवशीं पहाटे गाडी तशीच कुरकुरते. दोष इंजेक्टरांत नव्हताच.

हा घोटाळा कां होतो हें समजण्यासाठीं डिझेल इंजिनाचा स्वभाव थोडा ओळखला पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनांत हवा व इंधन ह्यांचें मिश्रण ठिणगीनें पेटवितात. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नाहींच. तेथें नुसती हवा सिलिंडरांत ओढून घेतात आणि दट्ट्यानें ती मूळ जागेच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शांत कोंडतात. सायकलचा पंप जोरानें मारला म्हणजे त्याचा खालचा भाग हाताला ऊन लागतो, तोच हा प्रकार; मात्र येथें उष्णतामान 500 अंश सेंटिग्रेडच्याहि वर जातें. अशा तापलेल्या हवेंत नेमक्या क्षणीं डिझेलचा सूक्ष्म फवारा सोडला कीं तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन अभियंत्याला ह्या कल्पनेचें पेटंट 1893 सालीं मिळालें, आणि 1897 मध्यें आउग्सबुर्ग येथें त्याचें इंजिन समाधानकारकपणें चाललें. परंतु त्यांत इंधन आंत घालण्यासाठीं दाबलेल्या हवेचा अवजड संच जोडावा लागे, आणि तें धूड मोटारगाडीच्या पुढच्या पेटींत बसण्यासारखें नव्हतें. रॉबर्ट बॉशच्या कारखान्यानें 1927 सालीं इंधन दाबून फवारणारा आटोपशीर पंप मोठ्या प्रमाणावर बनविण्यास प्रारंभ केला, तेव्हां डिझेलला रस्त्यावर येण्याची वाट खऱ्या अर्थानें मोकळी झाली.

तेव्हां इंजिन सुरू होण्यास तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. हवा पुरेशी तापली पाहिजे, इंधन पुरेशा दाबानें पोंचलें पाहिजे आणि त्याचा बारीक फवारा योग्य वेळीं झाला पाहिजे. इंजेक्टराचा संबंध तिसरीशीं, व कांहीं अंशीं दुसरीशीं. पहिलीशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. आणि थंडींतल्या तक्रारींचा उगम पुष्कळ वेळां ह्या पहिल्या गोष्टींतच असतो.

बॅटरीचेंच घ्या. ती दुबळी असली म्हणजे इंजिन सावकाश फिरतें. सावकाश फिरल्यानें दाबलेल्या हवेला दट्ट्याच्या कड्यांच्या फटींतून निसटण्यास व थंड भिंतींना आपली उष्णता देण्यास सवड मिळते, आणि ती पेटण्याइतकी तापत नाहीं. दिवे लागतात, भोंगा वाजतो, त्या अर्थीं बॅटरी ठणठणीत आहे असा चालकाचा युक्तिवाद असतो. पण दिव्याची भूक आणि सेल्फची भूक ह्यांत चिमणी व हत्ती यांचा फरक आहे. सेल्फ फिरत असतांनाच बॅटरीच्या टोकांवर मीटर लावून पाहावा. 12 व्होल्टची बॅटरी त्या वेळीं 10 व्होल्टच्या बरीच खालीं घसरत असेल, तर इतरत्र धांवण्यापूर्वीं ती बॅटरी, तिच्या टोकांवर चढलेला पांढरा क्षार आणि इंजिनाला जोडलेली अर्थची तार यांची तपासणी करावी. हें काम दहा मिनिटांचें आहे, म्हणूनच बहुधा तें कोणी करीत नाहीं.

थंड इंजिनाला हात देण्यासाठीं प्रत्येक सिलिंडरांत एक हीटर प्लग बसविलेला असतो. डॅशबोर्डावर वेटोळ्यासारखें चिन्ह दिसतें तें त्याचेंच. चिन्ह विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारावा. चारांपैकीं एक प्लग जळाला तर तेवढा एक सिलिंडर प्रारंभीं पेटत नाहीं. इंजिन तीन पायांवर चालणाऱ्या घोड्यासारखें लंगडतें, पांढरा धूर येतो आणि मिनिटभरांत सारें सुरळीत होतें. लक्षण हुबेहूब इंजेक्टराच्या बिघाडासारखें. औषध मात्र त्याच्या एका अल्प अंशाच्या किंमतीचें. येथें एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. गाडी सुरू होत नाहीं म्हणून हवेच्या नळींत ईथरचा फवारा मारण्याची युक्ति कांहीं ठिकाणीं करतात. हीटर प्लग असलेल्या इंजिनांत ती कदापि करूं नये. तापलेल्या प्लगवर ईथर अवेळीं भडकतो, आणि दट्ट्या किंवा त्याच्या कड्या फुटण्यापर्यंत मजल जाते.

दुसरा छुपा चोर म्हणजे हवा. टांकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढून आणणाऱ्या नळीला कोठें तडा गेला, किंवा फिल्टरचें रबरी कडें नीट बसलें नाहीं, तर तेथून डिझेल बाहेर गळेलच असें नाहीं. बाहेरची हवा आंत शिरते. रात्रभरांत नळींतलें डिझेल हळूहळू टांकीकडे परततें आणि पहाटे पंपाला इंधनाऐवजीं हवा चघळावी लागते. ह्या दोषाची खूण अशी कीं, सकाळीं त्रास देणारी गाडी एकदां चालू झाली म्हणजे दिवसभर गुणी मुलासारखी वागते. पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा एक तुकडा तात्पुरता जोडला तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात. फिल्टरजवळचा हातपंप सेल्फ मारण्यापूर्वीं दाबून पाहावा. तेवढ्यानें गाडी चटकन् सुरू झाली तर इंजेक्टरांना दोष देण्याचें कारण उरत नाहीं.

धुराची भाषा जुन्या मिस्त्र्यांना चांगली अवगत असे. सेल्फ फिरत असतांना नळकांड्यांतून धूर मुळींच नसेल तर इंधन आंत पोंचतच नाहीं असें समजावें. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर इंधन पोंचतें आहे, पण पेटत नाहीं. काळा धूर म्हणजे हवेच्या मानानें इंधन अधिक. निळा म्हणजे इंजिनचें तेल जळतें आहे. ह्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा: त्रास थंड इंजिनाला होतो कीं गरम? केवळ थंडपणीं कुरकुरणारी गाडी बॅटरी, हीटर प्लग, हवा किंवा सिलिंडरची झीज यांकडे बोट दाखविते. घाट चढून आल्यावर, चहासाठीं दहा मिनिटें थांबवून पुन्हां सुरू करतांना जी गाडी हट्ट धरते तिची गोष्ट निराळी. गरम झालेलें डिझेल पातळ होतें, आणि झिजलेल्या भागांतून तें अधिक निसटतें. अशा वेळीं इंजेक्टर व उच्च दाबाचा पंप यांवर संशय घेणें रास्त ठरतें.

आतां प्रत्यक्ष इंजेक्टराकडे वळावें. गेल्या शतकाच्या अखेरीपासून मोटारगाड्यांत कॉमन रेल नांवाची पद्धत आली. तींत पंप सर्व इंधन एका जाड पोलादी नळींत, म्हणजे रेलमध्यें, दाबून ठेवतो आणि तेथून प्रत्येक इंजेक्टर संगणकाच्या हुकमानुसार हवें तेवढें घेतो. पूर्ण भारावर हा दाब 1600 बार किंवा त्याहूनहि अधिक असतो. समुद्राच्या सर्वांत खोल गर्तेच्या तळाशीं सुमारें 1100 बार दाब असतो, ह्यावरून त्याची कल्पना येईल. इंजेक्टरांतील सरकत्या भागांमधली फट दोन-चार मायक्रॉनची. मनुष्याचा केंस त्याच्या वीस-तीस पट जाड. इतक्या नाजुक वस्तूंत धुळीचा कण शिरला किंवा पाण्यानें गंज चढला तर ती बिघडावी ह्यांत आश्चर्य नाहीं. रॉकेलची भेसळ हा तिसरा शत्रु. डिझेलच इंजेक्टराला वंगण पुरवितें आणि रॉकेलांत तो गुण कमी असतो. फिल्टरच्या तळाशीं सांचलेलें पाणी वेळच्या वेळीं सोडणें व फिल्टर मुदतींत बदलणें, एवढ्यावर इंजेक्टराचें आयुष्य फार मोठ्या अंशानें अवलंबून आहे. बाजारांत मिळणाऱ्या सफाईच्या औषधांच्या बाटल्या थोड्याफार काजळीवर गुण देत असतील; झिजलेलें पोलाद त्यांनीं भरून येत नाहीं.

सेल्फ फिरत असतांना रेलमधील दाब साधारणतः 200 बारच्या आसपास चढल्याखेरीज पुष्कळ गाड्यांचा संगणक इंजेक्टर उघडीतच नाहीं. एक इंजेक्टर आंतून गळत असला तर तो सर्वांचा दाब खातो, आणि चांगले तीन बिचारे विनाकारण बदनाम होतात. अपराधी शोधण्याची रीत सोपी व न्याय्य आहे. प्रत्येक इंजेक्टरांतून थोडें डिझेल परतीच्या बारीक नळीनें टांकीकडे जातें. त्या चार नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडतात आणि इंजिन कांहीं मिनिटें मंद चालवितात. तीन बाटल्यांत बोटभर आणि चौथींत अर्धी बाटली असें दिसलें म्हणजे साक्षीदार बोलला! मिस्त्री ही परीक्षा न करतांच चार इंजेक्टर मागत असेल, तर मालकानें ती नम्रपणें पण आग्रहानें करावयास लावावी. उलट, चारी बाटल्या सारख्या व थोड्याच भरल्या तर पंप, दाबाचें नियंत्रण करणारा व्हॉल्व आणि दाब मोजणारा सेन्सर यांकडे पाहावें.

इंजेक्टराचा आणखी एक दोष अधिक घातक आहे. त्याचें टोंक नीट मिटलें नाहीं तर डिझेल ठिबकत राहतें. इंजिन हातोडी मारल्यासारखा ठोका देतें, धूर काळा येतो, आणि न जळलेलें डिझेल भिंतींवरून खालीं उतरून इंजिनच्या तेलांत मिसळतें. तेलाची कांडी ओढून पाहिली असतां पातळी वाढलेली दिसली व डिझेलचा वास आला, तर गाडी तशीच वाशीपर्यंत रेटण्याचा मोह आवरावा. पातळ झालेलें तेल बेअरिंग खातें आणि ठिबकणारें डिझेल दट्ट्याला भोंक पाडूं शकतें. मग खर्च इंजेक्टरांचा न राहतां संपूर्ण इंजिनचा होतो.

जुन्या पंपाच्या गाड्यांत कोणता सिलिंडर मेला आहे हें पाहण्यासाठीं इंजिन चालू ठेवून इंजेक्टराच्या नळीचा नट सैल करीत. कॉमन रेलच्या गाडींत ही सवय प्राणावर बेतूं शकते. एवढ्या दाबाची धार कातडी भेदून मांसांत शिरते. बाहेर टांचणी टोंचल्याएवढीच खूण दिसते, दुखतहि फारसें नाहीं, आणि मनुष्य हात पुसून कामाला लागतो. आंत मात्र डिझेल पसरून कांहीं तासांत बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. असें झाल्यास घटका न दवडतां शस्त्रक्रियेची सोय असलेलें रुग्णालय गांठावें व तेथें "उच्च दाबाचें डिझेल शिरलें आहे" असें स्पष्ट सांगावें. गळती शोधतांना नळीवरून बोट फिरवूं नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. चालू इंजिनांत इंजेक्टराची विजेची जोडणीहि उपटूं नये, कारण तेथील दाब बॅटरीच्या 12 व्होल्टचा नसून त्याच्या कित्येक पट असतो. संगणकाला जोडावयाच्या यंत्रानें एकेक सिलिंडर बंद करून पाहतां येतो, तीच रीत योग्य.

इंजेक्टर खरोखरच बदलावा लागला तर दोन लहान गोष्टी मालकानें उभें राहून करवून घ्याव्या. त्याच्या तळाची तांब्याची वॉशर नवी घातली पाहिजे; जुनी घातली तर जळलेला वायु तेथून फुसफुसत निसटतो आणि इंजेक्टराभोंवतीं डांबरासारखी काजळी जमते. दुसरें असें कीं, बहुतेक नव्या इंजेक्टरांवर अक्षरें व आंकडे यांचा एक संकेतांक कोरलेला असतो. तो नग इंधन किती कमीजास्त सोडतो हें त्यांत सांठविलेलें असतें, आणि तो संकेतांक गाडीच्या संगणकांत भरावा लागतो. तो न भरतां गाडी बाहेर काढली तर नवा, उत्तम इंजेक्टर बसवूनहि ती मंद चालींत थरथरण्याचा संभव राहतो, आणि मालक पुन्हां त्याच दारीं उभा.