कमरेवरची जखम आणि गावातली तपासणी

कर्करोग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तोंडाचा, स्तनाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग येतो. तो त्वचेलाही होतो, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. आपल्या सावळ्या कातडीतलं रंगद्रव्य उन्हापासून बरंच संरक्षण देतं, म्हणून गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे हा रोग कमी. पण कमी म्हणजे नाहीच असं नव्हे. शिवाय आपल्याकडे तो अनेकदा उन्हाने नव्हे, तर सतत घासल्या जाणाऱ्या जागी किंवा भाजल्याच्या जुन्या व्रणावर उद्भवतो.

डॉ. खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली धोतराच्या गाठीपाशी, कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांमध्येही तो आढळला. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या डॉक्टरांनी अशा दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. एकीच्या कमरेवरची जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसरी चाळीस वर्षं कमरेला घट्ट लुगडं नेसत आलेली. तिची जखम दोन वर्षांची होती आणि रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

हे होतं कसं? परकराची नाडी रोज एकाच जागी रुतते. वर शेतातला घाम. कातडी काळी किंवा पांढुरकी पडते, खाजते, सोलवटते आणि जखम होते. ती भरण्याआधीच दुसऱ्या दिवशी नाडी पुन्हा तिथेच बसते. वर्षानुवर्षं असं चाललं, तर क्वचित एखादीच्या बाबतीत तिथे कर्करोग होतो.

म्हणजे हा रोग पोटात दडलेला नाही, तो अंगावरच दिसतो. तरीही कळायला दोन वर्षं लागतात. कारण ती जागा झाकलेली. दाखवायचं तर पुरुष डॉक्टरांसमोर साडी सैल करावी लागते. तालुक्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. मग नायटा समजून दुकानातून मलम आणलं जातं.

यावर उपाय काय? रोग विरळा आहे, तेव्हा अख्ख्या गावाची कातडी तपासत बसण्याची गरज नाही. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या व्यक्तींची मधुमेह, रक्तदाब आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी तपासणी होते. आशाताई घरोघरी जाऊन माहितीचा फॉर्म भरतात. त्यात कातडीवरच्या चट्ट्यांबद्दल विचारलं जातं, ते मुख्यतः कुष्ठरोगासाठी. तिथेच आणखी एक प्रश्न विचारावा: "महिनाभर न भरलेली जखम अंगावर कुठे आहे का? कमरेवर, तळपायावर, भाजल्याच्या जुन्या डागावर?" बाई जे डॉक्टरांना सांगणार नाही, ते आशाताईंना सांगेल. आरोग्य केंद्रात पडदा आणि सोबत परिचारिका असावी. त्वचारोगतज्ज्ञ तालुक्यात नसला, तरी ई-संजीवनीसारख्या सेवेतून डॉक्टरांचा दूरसल्ला घेता येतो.

मात्र केवळ पाहून निदान पक्कं होत नाही. जखमेचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. जागा बधिर करून हे काम थोड्या वेळात होतं. "सुरी लागली की रोग पसरतो" या समजुतीने कित्येक जण इथूनच परततात. ती समजूत खोटी आहे. वेळेवर कळलं, तर बहुतेकदा तेवढा भाग कापून काढून रोग बरा होतो. गाठींत उतरल्यावर मात्र उपचार लांबतात, खर्च वाढतो आणि खात्री कमी होते.

तोवर घरी एवढं करा. नाडी अरुंद दोरीची नको, रुंद पट्टीची घ्या. ती सैल बांधा, बांधायची जागा बदलत राहा. जखम असेल, तर ती भरेपर्यंत कमरेला काहीच आवळू नका. आणि महिना उलटूनही भरली नाही, तर सुगीची वाट न पाहता आरोग्य केंद्रात दाखवा. घरातल्या लेकी-सुनांनीही आई-आजीला एकदा आपणहून विचारावं. म्हाताऱ्या बायका स्वतःहून सांगत नाहीत.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)