नव्या गाडीचे पहिले हजार किलोमीटर

पाडव्याला हार घातलेली नवी गाडी दारात येते आणि लगेच द्रुतगती मार्ग खुणावू लागतो. जरा थांबा. इंजिनात सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरप्या रेघा कोरलेल्या असतात. त्यांच्यावर घासून घासून पिस्टनच्या रिंगा नेमक्या बसतात. त्या नीट बसल्या नाहीत, तर तेल वर चढून जळतं; आणि हा दोष पुढे सहजी जात नाही.

म्हणून पहिले साधारण 1000 किलोमीटर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नका. पण एकाच संथ वेगात तासन्‌तास चालवणंही बरं नाही. वेग कमीजास्त होऊ द्या.

आता तेल. पहिल्या हजारालाच ते बदला, असं जुने मेकॅनिक सांगतात. त्यांच्या काळी धातूचा कीस तेलात बराच उतरायचा, त्यामुळे ते योग्यच होतं. आज अनेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असं असतं. यातलं ‘एक वर्ष’ मला फार महत्त्वाचं वाटतं. रोज बाजारापर्यंतच जाणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापतच नाही. ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल तेलात साचतं. किलोमीटर भरत नाहीत, तेल मात्र खराब होतं. आणि तेल नुसतं काळं दिसलं म्हणून घाबरू नका; काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.