कापलेलं चित्र, सलग आवाज

सिनेमाच्या संकलनाबद्दल रेडिओवर बोलायचं म्हणजे दाखवायला पडदाच नाही. पण मला ती अडचण वाटत नाही. संकलनातली बरीचशी करामत कानांवरच चालते आणि आज तीच बाजू मला तुमच्यापुढे मांडायची आहे.

आधी मूळ हिशेब. बोलपटात एका सेकंदाला 24 चौकटी पडद्यावरून जातात. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात 16 चौकटी बसतात. म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला 90 फूट आणि अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट फिल्म. चित्रीकरण याच्या कितीतरी पट झालेलं असतं, तेही गोष्टीच्या क्रमानं नाही. नायिका दार उघडते ती मुंबईच्या स्टुडिओत, आणि दाराबाहेरचं अंगण असतं भोरला. हे सगळं संकलकाच्या टेबलावर येतं. तो आधी रफ कट, म्हणजे कच्ची जोडणी, जुळवतो, मग कापत, सरकवत फायनल कटपर्यंत पोचतो.

शॉट जोडायच्या काही तऱ्हा आहेत. एक शॉट संपून थेट दुसरा सुरू झाला की तो कट. डिझॉल्व्हमध्ये एक चित्र विरत असतानाच दुसरं त्यावर उमटतं. त्यातून बहुधा मध्ये काळ गेल्याचं कळतं. फेड आउटमध्ये पडदा काळा होतो, जणू प्रकरण संपलं. बाकी बहुतेक कारभार साध्या कटवरच चालतो.

या कटची ताकद 1920 च्या सुमारास रशियात दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी पाहिली. मोझ्झुखिन या नटाचा एक निर्विकार चेहरा त्यांनी तीन वेळा वापरला. एकदा त्याला सूपची बशी जोडली, एकदा शवपेटीतली स्त्री आणि एकदा खेळणारी छोटी मुलगी. त्यांचे सहकारी पुदोव्किन लिहितात की, प्रेक्षकांनी नटाच्या अभिनयाचं कौतुक केलं. भूक, शोक आणि वात्सल्य त्यानं किती छान दाखवलं म्हणे! चेहरा तर तोच होता. अर्थ दोन शॉटच्या मधे तयार झाला होता, आणि तो प्रेक्षकानंच भरला होता.

आता प्रश्न असा, की इतके तुकडे असूनही आपल्याला सांधे का दिसत नाहीत? थोडं श्रेय हालचालीला. माणूस लांबच्या शॉटमध्ये खुर्चीकडे वाकतो, जवळच्या शॉटमध्ये टेकतो. आपली नजर हालचालीमागे जाते आणि कट निसटतो. थोडं श्रेय दिशेला. समोरासमोर बोलणाऱ्या दोघांमध्ये एक रेषा कल्पून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवतात. रेषा ओलांडली तर दोघंही एकाच दिशेला बघताहेत असं वाटायला लागतं.

पण मोठं श्रेय आवाजाचं. फिल्मच्या काळात चित्र एका रिळावर आणि आवाज वेगळ्या, चुंबकीय टेपवर असायचा. शॉटच्या सुरुवातीला पाटी आपटून क्लॅप देतात तो याचसाठी. पाटी मिटल्याची चौकट आणि ‘टक्’ हा आवाज जुळवला, की पुढचं सगळं सिंकमध्ये येतं. एकदा जुळलं, की संकलक मुद्दाम ते विस्कटतो! पुढच्या प्रसंगातला आवाज चित्राच्या आधी आणला तर तो जे-कट. चित्र बदलूनही मागचा आवाज चालू ठेवला तर तो एल-कट. आई रागावते आहे आणि पडद्यावर दिसतो मान खाली घातलेला मुलगा, हा एल-कट. वाक्य चालू आहे म्हणून चित्र तुटल्याचं जाणवत नाही.

दिग्दर्शक ज्यां-लुक गोदारच्या 1960 च्या ‘ब्रेथलेस’मध्ये तर चित्र उघडपणे तोडलेलं आहे. मोटारीत बसलेल्या नायिकेचा शॉट मधूनमधून कापून टाकलाय. मागची पॅरिसच्या रस्त्यांवरची दृश्यं टुणकन उड्या मारतात. यालाच जंप कट म्हणतात. नायकाचं बोलणं मात्र चालूच राहतं. त्या बोलण्यामुळे प्रसंग एकसंध राहतो.

उलट जिथे धक्का हवा, तिथे आवाजही चित्राबरोबर तोडतात. ‘शोले’ आठवा. ठाकूरच्या घरात हत्याकांड झालंय, झोपाळ्याची करकर ऐकू येते. डाकू गब्बर लहान मुलावर बंदूक रोखतो, बार होतो, आणि मुलगा पडताना न दाखवताच थेट ठाकूरला घेऊन येणारी रेल्वेगाडी! करकर गेली, धडधड आली. जे घडलं ते आपण पाहिलं नाही, तरी आपल्याला सगळं कळलं. 1975 च्या या चित्रपटाचे संकलक एम. एस. शिंदे. ‘शोले’ला त्या वर्षी मिळालेलं एकमेव फिल्मफेअर पारितोषिक संकलनाचं होतं.

तेव्हा एक करून पाहा. घरी कोणताही आवडता चित्रपट लावा. पाच मिनिटं आवाज बंद करून कट मोजा. तुम्ही चकित व्हाल, इतके निघतील. मग तीच पाच मिनिटं डोळे मिटून ऐका आणि आवाज किती ठिकाणी तुटतो ते मोजा. दुसरा आकडा बहुधा फार लहान असेल. त्या मोजक्या जागांवर संकलकानं तुम्हाला जाणूनबुजून थांबवलंय किंवा दचकवलंय. का, हे शोधायला लागलात की तुमचं संकलनाचं शिक्षण सुरू झालं असं समजा.