एजंट म्हणवून घेताना

दिवसा मी शाळेत कारकून, संध्याकाळी लोकांच्या उमऱ्याचं पाहतो. ऑफिस नाही. मोबाईल, वही, आणि पाठीशी एक नोंदणीकृत टूर कंपनी. कमिशन तीच देते. मोहल्ल्यात आम्हाला ‘एजंट’ म्हणतात, जरा तिरकसपणे. त्याला कारण आहे.

हजला जायचे रस्ते दोनच: हज कमिटी, नाहीतर केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाकडे नोंदलेले ऑपरेटर. व्हिजिट व्हिसावर हज होत नाही. २०२४ च्या हजमध्ये, भयंकर उन्हात, १,३०१ जण दगावले. त्यातले ८३ टक्के विनापरवाना आलेले, असं सौदी सरकारनं सांगितलं. सावली नाही, मुक्कामाला जागा नाही, पायी लांबवर चाललेले. त्यांतल्या किती जणांना कुणीतरी ‘होऊन जाईल’ म्हणालं असेल!

तेव्हा या धंद्यात यायचं तर कंपनीची नोंदणी आधी स्वतः तपासा. गिऱ्हाइकाचे पैसे आपल्या खात्यात घेऊ नका. कंपनीच्या खात्यात भरायला लावा, पावती त्याच्या हातात द्या. हॉटेल हरमपासून किती मीटर, ते लेखी घ्या. ‘जवळच आहे’ हे काही अंतर नव्हे, गुडघे दुखणाऱ्या खालाजानना तर मुळीच नाही. माझं कमिशन किती, कुणी विचारलं तर मी आकडा सांगतो. गिऱ्हाईक पळत नाही. उलट पुढच्या खेपेला भाच्याला घेऊन येतं.